बेल-भंडारा

उंबरदरा, ता. इगतपुरी
१४ जून २०२४

डॉक्टर दिशा शेवाळे यांस,

उंबरदऱ्याच्या सरपंच लंकाबाई गभाले यांचा नमस्कार. परवा तालुक्याला मीटिंग होती. तिथे साहेब म्हणाले, तुमच्या आरोग्य केंद्रावर ओझरच्या एका मुलीची नेमणूक झाली आहे. मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आली तर." म्हणून मी तुमचा पत्ता मागून घेतला. फोन केला असता, पण आमच्याकडे रेंज फक्त खंडोबाच्या टेकडीवर मिळते आणि तिथे उभं राहून बोललेलं खालच्या आळीपर्यंत ऐकू जातं.

दोन वर्षं आमचा दवाखाना डॉक्टरविना आहे. नेमणुका होत राहतात. एक डॉक्टर आले ते गाडीतून उतरलेच नाहीत. काच खाली केली, दवाखाना बघितला, काच वर केली. नंतर एक बाई आल्या. त्या उतरल्या, पण त्यांच्या आई गाडीतच रडायला लागल्या. आम्ही नारळ घेऊन उभे होतो, तो तसाच घरी नेला.

तुमच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून आधीच खरं सांगते. इथे पाऊस फार. चार महिने कपडे वाळत नाहीत. शेवटची एसटी चुकली तर घोटीलाच मुक्काम. पण राहायची खोली आम्ही रंगवून घेतली आहे, पत्रे बदलले आहेत, न्हाणीची कडी आतून लागते. मी स्वतः आत जाऊन लावून बघितली. तांदूळ आमच्या घरचा. एकटं वाटू देणार नाही. तुम्ही फक्त या.

लंकाबाई गभाले

ता. क. हे मी पायल लिहिते आहे, लंकाबाईंची सून. आईंना सहीपुरतं येतं, बाकी लिहिणं माझ्याकडे. मी वर सा. न. वि. वि. लिहिलं होतं. आई म्हणाल्या, "ते खोड, पोरगी पळून जाईल." कडी लावून बघितली हे खरं, पण ती मग निघेना. मी आणि अंगणवाडीच्या नवसाबाईंनी दार उचकटून आईंना बाहेर काढलं. नवी बसवतो. या ना मॅडम.


ओझर
२२ जून २०२४

आदरणीय लंकाबाई आणि पायल,

तुमचं पत्र आमच्याकडे सगळ्यांनी वाचलं. बाबा विमानाच्या कारखान्यात आहेत. कडीच्या ओळीवर ते खूप हसले आणि मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "जाशील ना?" मी येते आहे. जुलैच्या सुरुवातीला रुजू होईन. आई सोबत येणार नाही, त्यामुळे रडण्याचा प्रश्न नाही.

तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मीही लिहिते. मी हौसेनं येत नाही. सरकारी कॉलेजात शिकलं की एक वर्ष सरकारी दवाखान्यात द्यावं लागतं, ते द्यायला येते आहे. पुढच्या परीक्षेचा अभ्यासही सोबत आणेन. आणि मला भीती वाटते, हे सांगायला लाज कसली. कॉलेजच्या दवाखान्यात माझ्या मागे कायम कुणीतरी मोठं उभं असायचं. तुमच्याकडे मागे भिंत असेल. माझ्या हातून कुणी जाऊ नये, एवढंच सारखं मनात येतं.

तांदळाबद्दल आभार. पायल, कडीचं बघ.

तुमची,
दिशा शेवाळे


ओझर
६ एप्रिल २०२५

लंकामावशी,

पायलच्या दहाव्याला मी थांबले, तेराव्याला थांबवलं नाही. रजा टाकून घरी आले. तुम्ही दारात उभ्या होतात, मी निघताना तुमच्याकडे बघितलं नाही. हे वाईट झालं हे मला कळतं.

संक्रांतीला तिळगूळ देताना मी तुम्हाला म्हणाले होते की माझं वर्ष जुलैमध्ये संपतं, पण मी अर्ज करून आणखी एक वर्ष राहीन. तुम्ही माझा हात धरून ठेवला होतात. मी खरंच राहणार होते. अभ्यास इथेही होतो, दुपारनंतर दवाखाना रिकामाच असतो, असं बाबांना सांगितलं होतं. रिकामा का असतो, हे मात्र मला कधी नीट कळलं नाही. सकाळी रांग लागायची, सगळी सर्दी-खोकल्याची. "रातभर ढास लागती बाई" हे एकच वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की मी पायलला म्हटलं, तुमच्या गावात एकच खोकला आहे आणि तो घरोघर फिरतो. ती हसली नाही. तेव्हा मला काही वाटलं नाही.

अडलेली बाई, दम लागलेला म्हातारा, साप चावलेला माणूस, असं कुणी माझ्या दारात आलं नाही. तानुबाईंची लेक घोटीला बाळंत झाली हे मला मागाहून कळलं. मी तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "तिचा नवरा तिकडचा हाय." दर वेळी असंच काहीतरी. पायल सुरुवातीला रोज संध्याकाळी यायची, माझी पुस्तकं उघडून चित्रं बघायची. दिवस राहिल्यावर तीही तपासणीला आली, दोन-तीन महिने. मग थंडीत यायची बंद झाली. विचारलं तर तुम्ही म्हणालात, तिला चालवत नाही. मी येते म्हटलं तर म्हणालात, झोपली आहे.

त्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसून केस विंचरत होते. झिपरूभाऊंची जीप आली. माझ्या दारासमोर हळू झाली. पुढे तुम्ही बसला होतात. मला वाटलं, बाजाराला निघालात. मी हात केला. तुम्हीही हात केलात. जीप गेली.

पायल मागच्या सीटवर होती, हे मला संध्याकाळी कळलं.

मावशी, मला एवढंच सांगा. थांबलात का नाही?

दिशा


उंबरदरा
१६ एप्रिल २०२५

मा. डॉ. शेवाळे मॅडम यांना,

आपले पत्र मिळाले. आई सांगते ते मी लिहितो. त्या दिवशी गाडी घाईत होती. पायलला विशेष त्रास आहे असे वाटले नव्हते, डोके दुखत होते एवढेच. म्हणून न थांबता नाशिकला गेलो. पुढे झाले ते झाले. आपला काही दोष नाही. पायलची मुलगी आता घरी आणली आहे, बाटलीने दूध पिते. दवाखाना उघडा आहे, नर्स येते. गावातले सगळे आपली वाट पाहत आहेत. तरी आपण परत यावे ही विनंती.

लंकाबाई गभाले

मॅडम, मी समाधान, पायलचा नवरा. मी त्या दिवशी नाशिकला साइटवर होतो. मला फोन आला तेव्हा ऑपरेशन चालू होते. आई म्हणते, पायलला काही कळलेच नाही, ती शेवटपर्यंत नीट बोलत होती. तसे असेल तर बरेच आहे. तुम्ही या. मुलीला बघायला कुणी पाहिजे.


ओझर
२८ एप्रिल २०२५

लंकामावशी,

हे पत्र मुद्दाम अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवते. नवसाबाई वाचून दाखवतील. समाधानसमोर ते वाचू नका.

तुम्ही लिहिलंत ते खरं नाही. पायलला झटके आले होते. मोठ्या दवाखान्यातल्या माझ्या मैत्रिणीकडून मी सगळं ऐकलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच आले, एकदा नाही. गरोदर बाईचा रक्तदाब असा वाढतो तेव्हा आधी पाय सुजतात, मग डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मग झटके. हे एका दिवसात होत नाही. तुम्हाला दिसत होतं. ते झटके थांबवणारं इंजेक्शन माझ्या कपाटात होतं. प्रत्येक सरकारी दवाखान्यात असतं. मी ते दिलं असतं आणि तुमच्याबरोबर जीपमध्ये बसून नाशिकपर्यंत आले असते. ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही. पण मी ओट्यावर केस विंचरत बसले नसते.

मी खूप विचार केला आणि मला एकच उत्तर सापडतं. तुम्हाला सर्दीपुरती डॉक्टर हवी होती. बोर्डावर नाव लिहायला, तालुक्याच्या मीटिंगमध्ये सांगायला. जिवाची गोष्ट आली की ही पोरगी, हिला काय कळतंय. हेच ना? तसं असेल तर तसं लिहा. मला राग येणार नाही. निदान कळेल की मी वर्षभर तिथे कोण होते.

दिशा


उंबरदरा
९ मे २०२५

डॉक्टरबाई,

हे नवसाबाई लिहीत आहेत. दार लावून बसलो आहोत. तुम्ही विचारलंत ते सगळं सांगते. मधे थांबवू नकोस असं मी नवसाबाईंना सांगितलं आहे.

तुमच्या आधी डॉक्टर शेखर होते. चांगला माणूस. झिपरूच्या पोराला साप चावला, तो त्यांच्या हातात गेला. त्यांनी काही कमी केलं नव्हतं, पण झिपरूनं सगळ्यांदेखत त्यांच्या तोंडात मारली. बाकीच्यांनी खिडक्या फोडल्या. मी तिथे होते, मी आडवी झाले नाही. त्याच संध्याकाळी डॉक्टर गेले, चटईसुद्धा नेली नाही. मग दोन वर्षं कोणी नाही. त्या दोन वर्षांत इथे जी माणसं गेली ती सगळी झिपरूच्या अंगावर आली. कोणी त्याला बोललं नाही, तोच स्वतःला बोल लावायचा. कर्ज काढून त्यानं जीप घेतली आणि आजाऱ्याला फुकट न्यायला लागला.

मग तुमचं पत्र आलं. तुम्ही येणार का नाही, हे सगळ्यांना ऐकायचं होतं. म्हणून पायलनं ते टेकडीवर, देवळापुढे मोठ्यानं वाचलं. कडीवर लोक हसले. मग ती ओळ आली, माझ्या हातून कुणी जाऊ नये. झिपरू उठला. म्हणाला, "पोरगी भ्याली हाय. एक माणूस तिच्या हातात गेलं का तीबी जाईल. मंग जड आजारी तिच्याकडं न्यायचाच नाय. मी नेईन नाशिकला. तिच्याकडं फक्त बरं होणारं माणूस जाईल." आणि त्यानं देवापुढचा बेल-भंडारा उचलला. आमच्यात बेल-भंडारा उचलला की तो शब्द मोडत नाही. मोडला तर त्या घराचं वाईट होतं असं मानतात. मग एकेकानं उचलला. मी उचलला आणि सरपंच म्हणून बाकीच्यांनाही उचलायला लावला.

तुम्हाला करमावं म्हणून रोज कोणाच्या घरचं कोण खोकायला येणार ते आम्ही ठरवायचो. तुम्हाला हसू येईल. सरुबाई तर खोकायचं विसरून गेली होती, दारातून परत येऊन खोकली.

तुम्ही म्हणता, पोरगी म्हणून भरवसा नव्हता. भरवसा नसता तर कोणी एवढं केलं असतं का? तुम्ही राहावं म्हणून केलं.

पायलला हे आधीपासून पटलं नव्हतं. तिनं भंडारा उचलला नाही. म्हणाली, मी तर लिहिणारी, मला कशाला. पाय सुजले तेव्हा ती तुमच्याकडे निघाली होती. मीच अडवली. घोटीला नेऊन गोळ्या आणल्या. ती मला म्हणाली, "आई, ती डॉक्टर हाय का देव्हाऱ्यातली मूर्ती? मूर्तीला तरी लोक संकट पडल्यावर हाक मारत्यात." मी तिला म्हटलं, तुझं तोंड लय चालतं.

त्या दिवशी पहाटेपासून डोकं धरून बसली होती. दिसत नाही म्हणाली. मग अंग ताठ झालं, तोंडाला फेस आला. शुद्धीवर आली तेव्हा आम्ही जीपमध्ये होतो. तुमच्या घराशी आलो तशी ती मागून म्हणाली, "मॅडमकडं थांबवा." स्पष्ट म्हणाली. झिपरूनं गाडी हळू केली. त्यानं माझ्याकडे बघितलं. तुम्ही समोर ओट्यावर होतात, केस मोकळे, सकाळच्या उन्हात बसलेल्या. तुम्ही हात केलात.

माझ्या मनात काय आलं ते तुम्हाला सांगते, देवाला पण सांगितलं नाही. माझ्या मनात आलं, माझी सून ह्या डॉक्टरबाईच्या हातात गेली तर बाई गाव सोडून जाईल, आणि गाव म्हणेल, लंकीनं स्वतःच्या घरासाठी शब्द मोडला. मी हात केला आणि झिपरूला म्हटलं, "चल."

घाटात दुसरा झटका आला. मग ती बोलली नाही. दवाखान्यात ऑपरेशन करून त्यांनी मुलगी काढली. पायल दुसऱ्या दिवशी गेली.

समाधानला हे माहीत नाही. तो रोज विचारतो, शेवटचं काय बोलली. मी सांगते, तुझं नाव घेतलं.

लंकाबाई


नाशिक, पंचवटी
१७ ऑगस्ट २०२५

लंकामावशी,

तुमच्या पत्राला इतक्या दिवसांनी उत्तर देते आहे. आधी राग होता. मग तो तुमच्यावर आहे की त्या माझ्या एका ओळीवर, ते कळेना. मी ती ओळ सहज लिहिली होती. कोणताही नवा डॉक्टर ते म्हणतो, आम्ही जेवताना एकमेकींना म्हणतो. ते कुणी देवळापुढे वाचेल आणि माणसं उठून शपथ घेतील, हे माझ्या कल्पनेत कुठून येणार? पायल वाचत असताना तिला कसं वाटलं असेल, याचा मी विचार करते. तिचा आवाज मला आठवतो, वाक्याच्या शेवटी थोडा वर जायचा.

मी परत येणार नाही. तुम्ही या पत्रात तेच आधी शोधाल म्हणून लवकर लिहून टाकते. उरलेले दिवस मी जिल्ह्याच्या ठिकाणी भरून काढले. आता पंचवटीत एका खासगी दवाखान्यात आहे. इथे माझ्या मागे पुन्हा मोठी माणसं उभी असतात. आजार जड असला की मी त्यांना हाक मारते आणि बाजूला होते. आईला बरं वाटतं. मला बरं वाटत नाही, पण झोप लागते. उंबरदऱ्याला मला झोप लागणार नाही. कुणी दारात खोकत आलं तर मी त्याच्या तोंडाकडे बघत बसेन की हा खरा आहे का, आणि घरी कुणाला झाकून ठेवून हा आला आहे. असा डॉक्टर तुमच्या काय कामाचा?

तुम्ही मला जपलंत. मला त्याबद्दल आभार मानता येत नाहीत आणि तुम्हाला दोष देऊन मोकळंही होता येत नाही. माझ्यासाठी रोज एक घर खोकत होतं, हे आठवलं की मला रडू येतं, आणि मग त्याच्या मागोमाग पायल येते.

पण एक मागते. आज ना उद्या दुसरा डॉक्टर येईल. त्याला तसं जपू नका. माणसं मरतात, मावशी, डॉक्टरच्या हातात मरतात. आमचं शिक्षण त्यासाठीच असतं, की ती निदान हातात मरावीत. त्याला घाबरू द्या, एखादा जीव जाऊ द्या आणि त्या दिवशी त्याच्या शेजारी उभ्या राहा. तुम्ही तो भंडारा गावाकडून सोडवून घ्या. त्यासाठी पायलचं सांगावं लागलं तर सांगा. समाधानलाही सांगा. तो तुमच्याकडून खोटं शेवटचं वाक्य घेऊन जगतो आहे.

मुलीचं नाव काय ठेवलं?

तुमची,
दिशा


उंबरदरा
२१ नोव्हेंबर २०२५

डॉक्टरबाई,

नवसाबाईच लिहीत आहेत. तुम्ही सांगितलंत तसं केलं. ते कसं झालं ते कळवते.

दसऱ्याच्या आधी नवे डॉक्टर आले. चांदवडकडचे, कोवळं पोर, आल्या आल्या सगळ्यांना काका-मावशी करायला लागले. गावाला आनंद झाला. लगेच टेकडीवर बैठक बसली. झिपरू म्हणाला, आधीचाच शब्द चालू ठेवायचा, पुन्हा भंडारा उचलू. तेव्हा मी उठले आणि सगळं सांगितलं. पायल काय म्हणाली, गाडी हळू कशी झाली, मी चल कसं म्हटलं. समाधान समोर बसला होता. मी त्याच्याकडे बघूनच सांगितलं, नाहीतर सांगता आलं नसतं.

मला वाटलं होतं, झिपरू तरी माझ्या बाजूनं बोलेल. तो पटका डोळ्यांना लावून बसला. बोलली ती तानुबाई. "बाई, तुझी गेली म्हणून तू बोलती. माझ्या लेकीला ह्याच शब्दानं घोटीला नेलं, ती अन् पोरगं दोघं नीट हायेत. डॉक्टर गेला तर पुढल्या खेपेला खोकल्याचं औषध कोण देईल? तू?" लोक हो म्हणाले. कोणी म्हणालं, देवाचा शब्द माणसाला सोडवता येत नाही. भंडारा पुन्हा उचलला गेला. मी उचलला नाही. मी एकटीच.

मग मी म्हटलं, गाव ऐकत नाही तर डॉक्टरलाच सांगावं. तुम्ही म्हणाला होतात, त्याला घाबरू द्या. मी दवाखान्यात गेले आणि त्यांच्यापुढे बसून सांगितलं, शेखर डॉक्टरांच्या तोंडात मारली तिथपासून पायलपर्यंत. म्हटलं, साहेब, हे लोक तुमच्यापासून जड आजारी लपवतील. तुम्ही घरोघर जाऊन शोधा. मी तुमच्याबरोबर येते. कोणी गेलं तर मी तुमच्या शेजारी उभी राहीन. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पाणी दिलं मला. मधेच विचारलं, "मारलं म्हणजे, पोलिसात नाही दिलं कुणी?" मी म्हटलं, नाही. "आणि तो इथेच राहतो?" म्हटलं, तोच जीप चालवतो.

शनिवारी घरी जाऊन येतो म्हणाले. अजून आले नाहीत. तालुक्याला विचारलं तर साहेब म्हणाले, त्यांनी दुसरीकडे करून घेतलं. आणि म्हणाले, "लंकाबाई, तुम्ही त्यांना काय सांगितलं? इतक्या खटपटीनं एक माणूस पाठवला होता." गावात आता म्हणतात, सरपंचिणीनं डॉक्टर घालवला. तोंडावर म्हणतात. सरुबाई पाणी माझ्या आधी भरते आणि माझ्याकडे न बघता जाते. खोटं नाही ते. मीच घालवला.

तुम्हाला बोल लावत नाही. तुमचं म्हणणं बरोबर होतं आणि माझंही करणं बरोबर होतं. तरी दवाखान्याला कुलूप आहे. नर्सची बदली झाली, तिच्या जागी कोणी आलं नाही.

समाधान बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे भरून साइटवर गेला, तो दिवाळीलाही आला नाही. मुलीसाठी सामान कोणाच्या तरी हाती पाठवतो. त्यात मला निरोप नसतो. मुलगी माझ्याजवळ आहे. तिचं नाव अजून ठेवलं नाही. बाप आल्याशिवाय कसं ठेवायचं? आम्ही बाळीच म्हणतो.

परवा तिला ताप होता. अंग तापून डोळे वर नेले, तशी मी जाऊन झिपरूला उठवलं. घोटीपर्यंत पोचेस्तोवर उतरला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, असं काही मुलांना होतं, ताप चढू द्यायचा नाही, लगेच औषध पाजायचं. औषधाची बाटली दिली. पण किती पाजायचं ते त्यांनी भराभर सांगितलं आणि मी घाबरलेली होते, घरी येईपर्यंत विसरले. बाटलीवर बारीक छापलं आहे, नवसाबाईंना नीट लागत नाही.

तुम्ही या असं आता लिहीत नाही. बाटलीवरची अक्षरं नवसाबाईंनी या पत्राच्या मागे बघून बघून उतरवली आहेत. बाळीचं वजन अंगणवाडीच्या काट्यावर केलं, साडेसहा किलो भरलं. एवढ्या वजनाच्या पोरीला एका वेळी किती द्यायचं आणि पुन्हा किती तासांनी, ते मोठ्या अक्षरात लिहून पाठवा.

लंकाबाई